माझगावची ‘शल्की’: जर्मन पाणबुडीचे मुंबईतील पर्व

७ फेब्रुवारी १९९२ रोजी ‘आयएनएस शल्की’ ही पाणबुडी भारतीय नौदलात दाखल झाली. भारतात बांधली गेलेली ही पहिली पाणबुडी. तिचा आराखडा जर्मनीतील ल्युबेक येथे तयार झाला होता, तिच्या दोन थोरल्या बहिणी जर्मनीतील कील बंदरात बांधल्या गेल्या होत्या. परंतु तिचा प्रत्येक सांधा जोडला तो मुंबईतील माझगाव गोदीच्या कामगारांनी. पाणबुडी बांधू शकणारे देश जगात आजही हाताच्या बोटांवर मोजता येतील, असे नसले तरी फार नाहीत. त्या पंक्तीत भारत १९९२ मध्ये जाऊन बसला आणि अवघ्या दोन वर्षांत, १९९४ मध्ये, हाती आलेली ही विद्या त्याने जवळजवळ सोडून दिली. ‘शिशुमार’ वर्गातील या चार पाणबुड्यांचा इतिहास म्हणूनच केवळ चार बोटींचा इतिहास राहत नाही.

भारतीय नौदलाच्या पाणबुडी दलाचा आरंभ ८ डिसेंबर १९६७ रोजी झाला. त्या दिवशी तत्कालीन सोव्हिएत संघातील रिगा येथे ‘आयएनएस कलवरी’ नौदलात सामील झाली. पुढे तिच्या पाठोपाठ खांदेरी, करंज, कुरसुरा व नंतर वेला वर्गातील चार अशा एकूण आठ रशियन पाणबुड्या आल्या. (खांदेरी हे नाव अलिबागनजीकच्या, शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतलेल्या जलदुर्गाचे. नौदलाच्या नामकरणात कोकण किनाऱ्याला मिळालेला हा मान अनेकांच्या ध्यानी येत नाही.) या पाणबुड्या दणकट होत्या, पण त्यांची रचना १९५० च्या दशकातील होती. लांबी ९१ मीटर, त्यांना चालविण्यासाठी ७० हून अधिक माणसे, आणि पाण्याखालून धावताना होणारा आवाजही बराच.

पाणबुडीच्या लढाईत आवाज म्हणजे मृत्यू. याचा दाहक अनुभव नौदलाला १९७१ च्या युद्धात आला. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्याजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या फ्रेंच बनावटीच्या पाणबुडीने ‘आयएनएस खुकरी’ ही युद्धनौका बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर समुद्रार्पण झाले. कराची बंदर जाळून आलेल्या विजयी नौदलाला एका लहान, शांत, आधुनिक पाणबुडीने हा घाव घातला होता. आपल्यापाशीही पश्चिम युरोपीय धर्तीची पाणबुडी असावी आणि ती आपण स्वतः बांधावी, हा विचार त्यानंतरच्या दशकात पक्का होत गेला.

कील आणि मुंबई

जर्मन पाणबुडी हा शब्द मुंबईला नवा नव्हता. पहिल्या महायुद्धात, ३० डिसेंबर १९१५ रोजी, लंडनहून मुंबईकडे निघालेले ‘पर्शिया’ हे प्रवासी जहाज क्रीट बेटाजवळ ‘यू-३८’ या जर्मन पाणबुडीने बुडविले. जहाज काही मिनिटांतच तळाला गेले आणि तीनशेहून अधिक माणसे दगावली. दुसऱ्या महायुद्धात तर जर्मन नौदलाने हिंदी महासागरात पाठविलेल्या पाणबुड्यांच्या तुकडीला ‘मॉन्सून’ असेच नाव दिले होते. अरबी समुद्रातील व्यापारी जहाजांना त्यांनी सळो की पळो करून सोडले. भारतीयांच्या स्मरणात मात्र एक जर्मन पाणबुडी वेगळ्याच कारणाने राहिली आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस फेब्रुवारी १९४३ मध्ये ‘यू-१८०’ या पाणबुडीतून निघाले ते कील बंदरातूनच. एप्रिलच्या अखेरीस मादागास्करनजीकच्या खवळलेल्या समुद्रात ते जपानच्या ‘आय-२९’ या पाणबुडीवर गेले. युद्धकाळात दोन देशांच्या पाणबुड्यांमध्ये भर समुद्रात झालेली अशी अदलाबदल क्वचितच घडली असेल.

कीलचे पाणबुडीशी नाते त्याहूनही जुने. विल्हेल्म बाउअर याची ‘ब्रांडटाउखर’ ही आद्य जर्मन पाणबुडी १ फेब्रुवारी १८५१ रोजी याच बंदरात चाचणीच्या वेळी बुडाली. बाउअर व त्याचे दोघे साथीदार मात्र वाचले. जर्मन नौदलाची पहिली पाणबुडी ‘यू-१’ हीही कीलमधील गेर्मानिया गोदीत बांधली गेली आणि १४ डिसेंबर १९०६ रोजी सेवेत आली. ४२ मीटर लांबीच्या या बोटीला पुढील बाजूस एकच पाणतीर-नळी होती. तिची इंजिने रॉकेलवर चालत आणि त्यांतून निघणारा पांढरा धूर दुरूनही दिसे, म्हणजे लपण्यासाठी बांधलेली बोट पृष्ठभागावर असताना स्वतःच आपला पत्ता सांगत असे. प्रत्यक्ष लढाईसाठी तिचा उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात ती प्रशिक्षणासाठी वापरली गेली आणि नंतर म्युनिक येथील जर्मन संग्रहालयात विसावली. पुढे जगाला धडकी भरविणाऱ्या साऱ्या ‘यू-बोटी’ची ही मूळ माता.

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर जर्मनीवर पाणबुडी बांधण्यास बंदी आली. ती उठल्यावरही आकारमानावर मर्यादा होती. मर्यादेमुळे जर्मन अभियंत्यांना लहानशा कवचात जास्तीत जास्त सामर्थ्य बसविण्याची कला साधावी लागली. या कलेचे आचार्य म्हणजे उलरिख गाब्लर. महायुद्धात पाणबुडीवर अभियंता असलेल्या गाब्लर यांनी १९४६ मध्ये ल्युबेक येथे आराखडे तयार करणारी संस्था काढली. तिच्यातून ‘२०९’ या जातीची पाणबुडी साकारली. गंमत अशी की, जगातील डझनावारी देशांनी विकत घेतलेली ही पाणबुडी खुद्द जर्मन नौदलाने कधीच वापरली नाही. तिची पहिली गिऱ्हाईक ग्रीस. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाच्या ‘सान लुईस’ या याच जातीच्या एकट्या पाणबुडीने ब्रिटिश नौदलाला आठवडेच्या आठवडे झुलविले. तिच्या पाणतीरांनी दगा दिला म्हणून ब्रिटिश जहाजे वाचली. पण ब्रिटिशांनाही ती अखेरपर्यंत सापडली नाही.

भारताने निवड केली ती या फॉकलंड युद्धापूर्वी काही महिने. स्वीडनच्या कोकम्स या कंपनीचा प्रस्तावही अखेरच्या टप्प्यापर्यंत विचारात होता. अखेर इंदिरा गांधी पंतप्रधान असताना, ११ डिसेंबर १९८१ रोजी, कीलच्या ‘होवाल्ट्सवेर्के-डॉइचे वेर्फ्ट’ म्हणजे एचडीडब्ल्यू या कंपनीशी करार झाला. दोन पाणबुड्या कीलमध्ये बांधायच्या, दोन माझगाव गोदीत जर्मन साहाय्याने बांधायच्या आणि आणखी दोन बांधण्याचा पर्याय खुला ठेवायचा, असे त्याचे स्वरूप होते. पर्यायाची ही शेवटची तरतूद पुढे कळीची ठरणार होती.

चाळीस माणसांचे घर

भारतासाठी ‘२०९’ चा मोठा अवतार आखण्यात आला. लांबी ६४.४ मीटर, रुंदी साडेसहा मीटर, पाण्याखाली असताना वजन सुमारे १,८५० टन. पुढे पाणतीरांच्या आठ नळ्या आणि एकूण चौदा पाणतीर. पाण्याखाली वेग ताशी २२ नॉट, पृष्ठभागावर त्याच्या निम्मा. साधारण जहाजाच्या नेमके उलट असलेले हे प्रमाणच सांगते की, ही बोट मुळात पाण्याखाली राहण्यासाठी घडविलेली आहे. आठ अधिकारी धरून चाळीस माणसांवर तिचा सारा कारभार चालतो. रशियन पाणबुड्यांना लागणाऱ्या मनुष्यबळाच्या तुलनेत हा आकडा जवळपास निम्मा.

ही पाणबुडी चालते विजेवर. डिझेल इंजिने केवळ बॅटऱ्या भारण्यासाठी; पंखा फिरवते ती एकच मोठी विद्युत मोटर. बॅटरीवर चालताना बोट जवळजवळ निःशब्द असते. परंतु बॅटरी संपत आली की पृष्ठभागाजवळ यावे लागते, हवा घेण्याची नळी पाण्याबाहेर काढावी लागते आणि डिझेल इंजिने सुरू करावी लागतात. पाणबुडीच्या आयुष्यातील हाच सर्वांत धोक्याचा काळ. शत्रूच्या विमानाचे रडार ती लहानशी नळीही टिपू शकते. कप्तानाचे निम्मे कसब मग हा काळ किती कमी करता येईल आणि तो कोठे घालवावा, हे ठरविण्यात खर्च होते.

भारतीय पाणबुड्यांत एक सोय अशी आहे की जी ‘२०९’ कुळातील इतर बहुतेक बोटींत नाही. बोटीच्या मध्यावर एक पोलादी गोल बसविलेला असतो. बोट तळाला गेली आणि वर येण्याची आशा उरली नाही, तर चाळीसच्या चाळीस माणसे या गोलात शिरू शकतात. तो बोटीपासून सुटतो आणि स्वतःच्या तरंगशक्तीने वर येतो. आत आठ तास पुरेल इतका प्राणवायू असतो. हीही कल्पना गाब्लर यांच्या संस्थेची. एरवी पाणबुडीतील माणसांना सुटकेसाठी बाहेरच्या मदतीवर विसंबावे लागते, आणि भारतीय नौदलाकडे स्वतःचे खोल समुद्रातील बचावयान आले ते थेट २०१८ मध्ये. तोवरची तीन दशके या गोलाचे मोल किती होते, हे वेगळे सांगायला नको.

आतले जगणे खडतरच. गोड्या पाण्याची चणचण, डिझेलचा वास कपड्यांतच नव्हे तर जेवणातही उतरलेला, दिवस-रात्रीचा भेद घड्याळापुरता. एकाची पाळी संपून तो झोपायला यावा आणि दुसऱ्याने त्याच बिछान्यावरून उठून कामाला जावे, ही जगभरच्या पाणबुड्यांतील जुनी रीत. भारतीय पाणबुडी-सैनिकांचे प्रशिक्षण विशाखापट्टणमच्या ‘आयएनएस सातवाहन’ या केंद्रात होते. प्रत्यक्ष बोटीवर काम करून, प्रत्येक नळी आणि झडप पाठ असल्याची परीक्षा दिल्यानंतरच छातीवर डॉल्फिनचे चिन्ह मिरविता येते. स्वयंपाकी असो की कप्तान, ही परीक्षा कोणाला चुकत नाही. कारण संकटात हाताशी जो असेल त्यालाच झडप बंद करावी लागते.

नावाविषयीही थोडे. ‘शिशुमार’ हा जुना संस्कृत शब्द. पुराणांत आकाशातील तारकामंडळालाही हे नाव दिलेले आहे. जलचर म्हणून तो कोठे डॉल्फिनसदृश प्राण्यासाठी, कोठे मगरीसाठी येतो. मराठीतील ‘सुसर’ हे त्याचेच घासून गुळगुळीत झालेले रूप. दबा धरून पाण्याखाली बसणाऱ्या बोटीला याहून चपखल नाव सापडणे कठीण.

पहिली आठ वर्षांत, दुसरी पाच वर्षांत

‘शिशुमार’च्या बांधणीला कील येथे १ मे १९८२ रोजी आरंभ झाला आणि २२ सप्टेंबर १९८६ रोजी ती नौदलात दाखल झाली. दुसरी, ‘शंकुश’, त्याच वर्षी २० नोव्हेंबरला आली. म्हणजे प्रत्येकी सव्वाचार वर्षे. याच वर्षी रशियाकडून ‘सिंधुघोष’ही आली आणि भारतीय नौदलात एकाच वेळी दोन पूर्णतः भिन्न परंपरांच्या पाणबुड्या नांदू लागल्या. सुटे भाग वेगळे, पाणतीर वेगळे, भाषा वेगळी. नौदलाच्या भांडारप्रमुखांची यामुळे झालेली तारांबळ सहज कल्पिता येईल.

मुंबईत काम सुरू झाले ते ५ जून १९८४ रोजी. माझगाव गोदीला जहाजबांधणी नवी नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात १७७४ मध्ये तेथे पहिली सुकी गोदी बांधली गेली होती. १९६० मध्ये ती सरकारने ताब्यात घेतली आणि भारतात बांधलेली पहिली मोठी युद्धनौका ‘निलगिरी’ हिने १९७२ मध्ये येथूनच नौदलात प्रवेश केला. परंतु युद्धनौका बांधणारा पाणबुडी बांधू शकतोच असे नाही. अडीचशे मीटर खोलीवर पाणबुडीच्या कवचाच्या प्रत्येक चौरस मीटरवर अडीचशे टनांचा भार पडतो. कवचाचा आकार वर्तुळापासून किंचितही ढळला, तर हा भार एका बाजूला एकवटतो. जाड, विशेष पोलादाच्या वाकविलेल्या पत्र्यांतून आधी कडी तयार करायची, कड्या जोडून नळकांडे करायचे, नळकांडी जोडून बोट करायची. प्रत्येक जोड ठरावीक तापमानात, ठरावीक क्रमाने घालायचा आणि मग क्ष-किरणांनी तपासायचा. जोडात केसाएवढी भेग आढळली तर तो खरवडून पुन्हा करायचा. जहाजाच्या सांध्यातून पाणी झिरपले तर पंप लावता येतो. पाणबुडीला ती मुभा नसते.

त्यातच सारी यंत्रसामग्री इतकी दाटीवाटीने बसवायची असते की कोणती वस्तू आधी आत जाणार आणि कोणती मागाहून, याचा क्रम चुकला तर बसविलेले काढून पुन्हा बसवावे लागते. असला क्रम आराखड्यात पुरता उतरत नाही. तो हातात असतो. म्हणून गोदीतील अभियंते आणि कारागीर कीलला जाऊन शिकून आले, आणि माझगावच्या पूर्वेकडील आवारात पाणबुडीसाठी स्वतंत्र कार्यशाळा उभी राहिली.

‘शल्की’चे जलावतरण ३० सप्टेंबर १९८९ रोजी झाले आणि ती नौदलात दाखल होईपर्यंत १९९२ उजाडले. म्हणजे पावणेआठ वर्षे. कीलपेक्षा सुमारे साडेतीन वर्षे अधिक. त्या वेळी या विलंबावर टीका झाली. ती समजण्याजोगी होती, पण पुढचा आकडा पाहिल्याशिवाय ती पुरी होत नाही. ‘शंकुल’ या दुसऱ्या पाणबुडीला ३ सप्टेंबर १९८९ रोजी हात घातला गेला आणि २८ मे १९९४ रोजी ती नौदलात आली. पावणेपाच वर्षे! ज्या गोदीला पहिल्या बोटीला पावणेआठ वर्षे लागली होती, तिने दुसरी बोट जवळजवळ जर्मनांच्या वेगाने पुरी केली. शिकवणी फळाला आली होती. तिसरी आणि चौथी बोट याच हातांनी केली असती, तर त्यांना किती काळ लागला असता, याचा अंदाज बांधण्यास फारशी कल्पनाशक्ती लागत नाही.

पण तिसरी आलीच नाही.

बॉनहून आलेली तार

पेच निर्माण झाला तो ‘शल्की’ गोदीत अर्धवट असतानाच. करारातील पर्यायानुसार पाचवी आणि सहावी पाणबुडी घ्यायची, तर किमतीत सवलत मिळावी अशी भारताची अपेक्षा होती. १९८७ च्या आरंभी तत्कालीन पश्चिम जर्मनीची राजधानी बॉन येथील भारतीय राजदूताकडून दिल्लीला तार आली. या व्यवहारात सात टक्के दलाली द्यावी लागत असल्याने किंमत उतरविता येत नाही, अशा आशयाची माहिती तीत होती. विश्वनाथ प्रताप सिंह तेव्हा संरक्षणमंत्री होते. त्यांनी ९ एप्रिल १९८७ रोजी चौकशीचा आदेश दिला. मंत्रिमंडळात आणि काँग्रेस पक्षात त्यावरून मोठे वादळ उठले आणि १२ एप्रिलला सिंह यांनी राजीनामा दिला. चारच दिवसांनी, १६ एप्रिलला, स्वीडनच्या नभोवाणीने बोफोर्स तोफांच्या व्यवहारातील दलालीची बातमी दिली.

पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे. बोफोर्सच्या गदारोळात पाणबुडीचे प्रकरण झाकले गेले, इतके की १९८९ च्या सत्तापालटाची पहिली ठिणगी तोफेने नव्हे तर पाणबुडीने टाकली होती, हे आज अनेकांना आठवतही नाही. केंद्रीय गुन्हे अन्वेषण विभागाने १९९० मध्ये गुन्हा नोंदविला. तपास वर्षानुवर्षे रेंगाळला आणि न्यायालयात कोणावरही दोष सिद्ध न होता संपला.

याच सुमारास जर्मनीतही ही कंपनी अडचणीत आली होती. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवर संयुक्त राष्ट्रसंघाची शस्त्रबंदी असताना तिला ‘२०९’ जातीच्या पाणबुडीचे आराखडे पुरविल्याचे १९८६ च्या अखेरीस उघड झाले आणि जर्मन संसदेने त्याची चौकशी आरंभली. वर्णद्वेषाविरुद्ध जगभर आवाज उठविणाऱ्या भारताला हेही मानवणारे नव्हते.

परिणाम एकच झाला. पाचव्या-सहाव्या पाणबुडीचा पर्याय गुंडाळला गेला आणि एचडीडब्ल्यूशी नवा व्यवहार करण्यास कोणीही सरकार धजेना. ‘शंकुल’ मे १९९४ मध्ये गोदीबाहेर पडली, तेव्हा माझगावच्या पाणबुडी कार्यशाळेपाशी पुढचे काम नव्हते. दलाली घेतली गेली असेल तर ती घेणारे शिक्षेविना सुटले. शिक्षा झाली ती कीलला जाऊन जोडकाम शिकून आलेल्या कारागिरांच्या कौशल्याला. पाणबुडीचा जोड घालणारा हात इतर कामाला लावता येतो, पण दहा वर्षांनी तो परत पाणबुडीवर आणावा तर तेवढ्यात त्याचा धनी निवृत्तीला आलेला असतो, आणि त्याने ज्याला शिकवायचे तो शागीर्द भरतीच झालेला नसतो.

खंडाची किंमत

कारगिल युद्धाच्या वर्षात, १९९९ मध्ये, सरकारने तीस वर्षांत २४ पाणबुड्या बांधण्याच्या योजनेस संमती दिली. फ्रान्सच्या ‘स्कॉर्पीन’ जातीच्या सहा पाणबुड्या माझगाव गोदीत बांधण्याचा करार त्यानंतर सहा वर्षांनी, ६ ऑक्टोबर २००५ रोजी झाला. तोवर ‘शंकुल’ला अकरा वर्षे उलटली होती. पोलाद वेगळे, आराखडा वेगळा, गुरू वेगळा. शिक्षण पुन्हा श्रीगणेशापासून. नव्या ‘कलवरी’चे काम २००६ च्या अखेरीस सुरू झाले आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी ती नौदलात आली. तब्बल अकरा वर्षे. यंत्रसामग्री वेळेवर न मिळणे हेही त्यामागचे एक कारण होते, आणि नवी बोट जुनीपेक्षा गुंतागुंतीची होती हेही खरे. तरीही पावणेआठ, पावणेपाच आणि अकरा हे तीन आकडे एकाखाली एक मांडले की खंडाची किंमत दिसते. सहावी ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली.

मधल्या काळात समुद्र सांभाळला तो जुन्या बोटींनी. १९९६ मध्ये मुंबईत पाणबुड्यांसाठी ‘आयएनएस वज्रबाहू’ हा तळ कार्यान्वित झाला. रशियन बनावटीची ‘सिंधुरक्षक’ १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री मुंबईच्या नौदल गोदीत स्फोट होऊन बुडाली आणि तिच्यातील अठरा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर उरलेल्या बोटींवरचा ताण आणखी वाढला. २०१४ मध्ये ‘शिशुमार’ वर्गासाठी अमेरिकेच्या ‘हार्पून’ क्षेपणास्त्रांच्या विक्रीस तेथील सरकारने मान्यता दिली, म्हणजे तिशीकडे झुकलेल्या या बोटी निवृत्तीऐवजी नव्या शस्त्रास्त्रांची वाट पाहत होत्या.

पाणबुडीची कामगिरी स्वभावतःच गुप्त राहते. ती कोठे गेली, काय पाहून आली, हे वृत्तपत्रांपर्यंत पोहोचत नाही. पोहोचते ती दुर्घटना. ३० ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘शंकुश’मध्ये बिघाड झाला. पावसाळी समुद्र खवळलेला होता. दुरुस्तीसाठी पाणबुडीच्या पाठीवर गेलेले सहकारी लाटांनी ओढले गेले, तेव्हा लेफ्टनंट कमांडर फिरदौस मोगल यांनी त्यांना वाचविण्यासाठी धाव घेतली. सहकारी वाचले, मोगल यांना डोक्याला झालेल्या जबर दुखापतीमुळे प्राण गमवावे लागले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र देण्यात आले. पाणबुडीची पाठ गोल आणि निसरडी असते, तिला जहाजासारखा कठडा नसतो. उसळत्या समुद्रात तिच्यावर उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच कळावे.

‘शल्की’ मात्र चालत राहिली. ऑगस्ट २०२४ च्या आरंभी ती मैत्रीभेटीसाठी कोलंबो बंदरात गेली, तेव्हा तिच्या सेवेला बत्तीस वर्षे उलटून गेली होती. माझगावच्या कारागिरांनी घातलेल्या जोडांची याहून बोलकी पावती कोणती असू शकेल?

जर्मनांचे पुनरागमन

एचडीडब्ल्यू कंपनी २००५ मध्ये थिसेनक्रुप या उद्योगसमूहात विलीन झाली. जुन्या बोटींच्या दुरुस्तीसाठी मूळ आराखडा करणाऱ्यांचीच मदत लागते, त्यामुळे संबंधांची दोरी पुरती तुटली नव्हती. ३० जून २०२३ रोजी संरक्षण मंत्रालयाने ‘शंकुश’ची मोठी दुरुस्ती करून तिचे आयुष्य वाढविण्यासाठी माझगाव गोदीशी २,७२५ कोटी रुपयांचा करार केला. कीलमध्ये १९८६ साली पुरी झालेली बोट २०२६ मध्ये पुन्हा नौदलाच्या हाती द्यावी, असे त्यात ठरले.

त्याच महिन्यात, ७ जूनला, जर्मनीचे संरक्षणमंत्री बोरिस पिस्टोरियस माझगाव गोदीत आले होते. हवेवाचून दीर्घकाळ पाण्याखाली राहू शकणाऱ्या सहा नव्या पाणबुड्यांच्या ‘७५-आय’ या प्रकल्पासाठी थिसेनक्रुपची नौदल शाखा आणि माझगाव गोदी यांच्यात त्या वेळी सामंजस्य करार झाला. स्पर्धेत लार्सन अँड टुब्रो आणि स्पेनची नावांतिया ही जोडीही होती. जानेवारी २०२५ मध्ये तिचा प्रस्ताव निकषांत न बसल्याने बाद झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने माझगाव गोदीशी किमतीच्या वाटाघाटींना प्रारंभ केला. १९८१ च्या करारात खुली ठेवलेली पाचवी आणि सहावी जर्मन पाणबुडी माझगावला मिळाली नाही. आता प्रश्न सहा पाणबुड्यांचा आहे, आणि ‘शंकुल’वर वयाच्या पंचविशीत काम केलेला कारागीर यापूर्वीच निवृत्त होण्याच्या वयाला पोहोचला आहे.